चार फुटांचा दलान : नेपाळमध्ये काठमांडू खोऱ्यातल्या पाटनमधल्या एका व्यापारी इमारतीच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी २०२३

जागेची मापं घेतली. रस्त्याकडचं तोंड ११ मीटर, आत खोली १४ मीटर, मागे चार घरांचा मिळून एक चोक, म्हणजे सामाईक अंगण. स्मारक क्षेत्राच्या बाहेर, पण जुन्या वस्तीतच. पाटनमध्ये एवढी रुंद जागा सहसा मिळत नाही, कारण इथे वाटण्या उभ्या होतात. बापाचं घर तीन भावांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला तळापासून कौलापर्यंत एक उभी फाक येते. मग एक भाऊ आपल्या फाकेचं काँक्रीट करतो, दुसरा वर दोन मजले चढवतो, तिसरा आहे तसं राहू देतो. मधोमध चिरलेली खिडकीही मी इथे पाहिली आहे.

आमच्या जागेवर अशाच तीन फाका होत्या. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात मधली बसली, १२ मेच्या धक्क्यात बाजूच्या दोन्ही झुकल्या. सगळं उतरवून घ्यावं लागलं. आठ वर्षं पत्रे मारून पडून राहिलेली जागा भावांनी आता एकत्र केली आहे.

थोरल्या भावाला सगळे साहुजी म्हणतात, मीही. त्यांची मागणी साधी : खाली दुकानं, वर दोन मजले ऑफिसांना भाड्याने, सगळ्यात वर रेस्टॉरंट. "बाहेरून नेवारी वाटलं पाहिजे, आत भाडेकरूचं काही अडायला नको."

नेवारी म्हणजे या खोऱ्यातल्या मूळच्या नेवार लोकांच्या घरांसारखं. त्यातला 'वाटलं पाहिजे' हा शब्द मी वहीत लिहून खाली रेघ मारली आहे. याच रस्त्यावर नेवारी वाटणाऱ्या पाच-सहा इमारती आहेत. काँक्रीटचा चौकोनी डबा, त्यावर विटेच्या पातळ टाइल्स, फायबरच्या साच्यातली मोराची खिडकी, आणि सपाट गच्चीच्या कठड्याला फुटभर उताराची कौलं. दोन पावसाळ्यांत टाइल्स सुटायला लागतात. मला हे काम तसं करायचं नाही आणि ते साहुजींना पहिल्याच दिवशी सांगितलं.

चोकात पत्र्याखाली जुन्या घराचं लाकूड रचून ठेवलं आहे. चार खांब, काही तुळया आणि एक सबंध सँझ्या, म्हणजे तीन भागांची मोठी खिडकी. साहुजींच्या आईने ती विकू दिली नाही. घरातले सगळे त्यांना 'अजि' म्हणतात. नेवारीत अजि म्हणजे आजीच, त्यामुळे मला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

१९ फेब्रुवारी २०२३

काल महाशिवरात्र, पशुपतीला गर्दी, काम बंद. आज चोकातलं शेजारचं घर आतून पाहिलं. ते २०१५ मध्ये तडकलं पण उभं राहिलं.

तळाला छिंडी. ओलसर असते म्हणून इथे कुणी झोपत नाही. दुकान, कोठार किंवा कारखाना असतो. रस्त्याच्या बाजूला भिंतीऐवजी लाकडी खांबांची जोडओळ, तो दलान. वर मातं, झोपायचा मजला. त्याच्यावर चोटा, बैठकीचा मजला, सँझ्या इथे असते. आणि कौलांखाली बैगः, तिथे चूल आणि देव. धूर कौलांतून निघून जातो, आणि परक्या माणसाचा पाय चुलीपर्यंत पोहोचत नाही. घराची खोली जेमतेम सहा मीटर, मधोमध लांबीभर एक जाड भिंत. तीच दोन्हीकडच्या तुळया पेलते. आपल्या वाड्यांत सगळं खणांवर मोजतात, इथे या मधल्या भिंतीवर.

जिना चढताना लक्षात आलं की साहुजींनी मागितलेली इमारत मुळातच या घरात आहे. खाली धंदा, मध्ये माणसं, वर स्वयंपाक. ल्हासापर्यंत व्यापार करणाऱ्या लोकांची ही घरं. दुकान त्यांच्यात नंतर घुसलेलं नाही, घर दुकानावरच उभं राहिलं आहे. म्हणजे आमचा सगळा वाद मापांचा असणार : उंची, खोली, काच, लिफ्ट.

संध्याकाळी पुन्हा एकदा पाटन संग्रहालयात जाऊन बसले. जुन्या राजवाड्यातल्या केशवनारायण चोकाचं हे काम गोट्झ हागम्युलर या वास्तुरचनाकाराने ऑस्ट्रियाच्या मदतीने केलं, संग्रहालय १९९७ मध्ये उघडलं. मी प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघते : नवा भाग जुन्यासारखा रंगवून लपवलेला नाही. लोखंड लोखंडासारखं दिसतं, आणि तरी राजवाड्याचा तोल कुठे जात नाही.

१७ एप्रिल २०२३

पाटनमध्येच पुलचोकला मच्छिंद्रनाथाचा रथ बांधणं चालू आहे. आपण नवनाथांच्या कथांत ज्यांना ओळखतो ते मच्छिंद्रनाथ इथे पावसाचे देव आहेत, नेवारी लोक त्यांना बुंगद्यः म्हणतात. लाकडाचा गाडा, त्यावर वेताने बांधलेला उंचच उंच मनोरा. दोन तास उभी राहून वेताचे वेढे कसे घालतात ते पाहिलं. रथ ओढताना मनोरा डोलतो, आणि तो डोलायलाच हवा. वेत ताठ असता तर पहिल्याच वळणावर मोडला असता. स्ट्रक्चरल इंजिनीअरना फोटो पाठवले.

८ जून २०२३

उंचीचा प्रश्न. जुन्या घरात मजला साडेसहा-सात फुटांचा. ऑफिसला खोट्या छतासकट साडेदहा फूट हवेत. जुन्या खिडक्यांची मापं तशीच ठेवून साडेदहा फुटांच्या भिंतीत बसवली की त्या कोऱ्या विटांत बुडाल्यासारख्या दिसतात. प्रमाण राखून मोठी केली की कोरीव काम बटबटीत होतं. दोन्ही काढून पाहिलं, दोन्ही फाडलं.

तिसऱ्या खेपेला जमलं असं वाटतं. खिडकी जुन्याच मापाची, तिच्या वर फुट-दीड फूट उंचीची लाकडी जाळी इमारतीच्या पूर्ण रुंदीभर. जाळीच्या मागे खोट्या छतातली हवा आणि नळ्या. बाहेरून मजल्याची उंची दोन पट्ट्यांत विभागली जाते, डोळ्याला जुनं माप सापडतं. खिडक्यांची संख्या विषम, मधली अक्षावर, दाराच्या बरोबर वर. हा नियम मोडून पाहिला तेव्हा रेखाचित्रच परकं झालं.

मग दलान. मी दुकानांची काच खांबांच्या ओळीपासून सहा फूट आत नेली होती. पावसात माणसं उभी राहतील, म्हाताऱ्यांना टेकायला जागा होईल, दुकानाच्या काचेवर दुपारचं ऊन पडणार नाही. साहुजींनी गणकयंत्र काढलं. ११ मीटर रुंदी गुणिले सहा फूट, म्हणजे २०० चौरस फुटांहून जास्त जागेचं भाडं दर महिन्याला सोडायचं. त्यांचं म्हणणं चूक नाही. तीन कुटुंबांचं कर्ज त्या भाड्यातून फिटणार आहे. तीन बैठका झाल्या. शेवटी चार फुटांवर थांबलो. चार फुटांत माणूस उभा राहू शकतो, दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. मी मान्य केलं, पण ते आवडलेलं नाही हे इथे लिहून ठेवते.

४ नोव्हेंबर २०२३

काल रात्री बाराला थोडा वेळ असताना धक्का बसला. केंद्र दूर पश्चिमेला जाजरकोटमध्ये, इथे पलंग आणि दिवा हलले. आम्ही सगळे रस्त्यावर उतरलो. सकाळी तिकडच्या बातम्या आल्या, शंभराहून जास्त माणसं गेली, दगड-मातीच्या घरांखाली झोपेतच. दिवसभर कुणाचं कामात लक्ष नव्हतं.

नक्सापास, म्हणजे बांधकामाच्या नकाशाला मंजुरी, झाला आहे, पाया खोदून तयार आहे, सळया बांधणं चालू आहे. दुपारी इंजिनीअर आणि मी खड्ड्याच्या काठावर बसून सगळं पुन्हा तपासलं.

जुन्या नेवारी भिंतीला दोन पदर असतात. बाहेर भाजलेल्या देखण्या विटा, आत कच्च्या किंवा साध्या विटा, मध्ये मातीचा गारा. दोन पदरांना धरून ठेवणारं फारसं काही नसतं, म्हणून धक्क्यात बाहेरचा पदर पोट सुटल्यासारखा फुगतो आणि कोसळतो. लाकडाने मात्र पुष्कळ वाचवलं आहे. तुळईचं टोक भिंतीच्या आडव्या लाकडाला चुकुलने, म्हणजे आरपार गेलेल्या पाचरीने, अडकवलेलं असेल तर भिंत आणि तळजमीन एकमेकांना धरून हलतात. चुकुल कुजले किंवा कुणी काढून टाकले की हे बंधन सुटतं. भक्तपूरचं न्यातपोल देऊळ १७०२ चं, पाच जोत्यांवर पाच छपरं. १९३४ चा भूकंपही त्याने सोसला आणि २०१५ चाही. पण त्याच भक्तपूरमध्ये देखभाल नसलेली घरं रांगेने पडली.

काँक्रीट म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०१५ मध्ये काठमांडूत गोंगबूला ज्या इमारती बसल्या त्यांतल्या कितीतरी खालच्या मजल्यावर मोकळ्या होत्या : दुकानं, शटर, मध्ये भिंत नाही. इंजिनीअर याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. आणि आमचा दलान म्हणजे नेमकं तेच, खाली खांब आणि काच, वर जड विटा. म्हणून लिफ्ट आणि जिन्याभोवती पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या शिअर वॉल, म्हणजे धक्क्याचा आडवा जोर घेणाऱ्या सलग भिंती, दोन्ही बाजूंच्या भिंतीतही एकेक. त्यामुळे दुकानांची मांडणी थोडी अडते. साहुजींना आज सकाळी हे सांगायला गेले तर ते म्हणाले, "जाड करा. पाहिजे तेवढी जाड करा."

१४ नोव्हेंबर २०२३

आज नेपाळ संवत ११४४ लागलं. आपल्याकडे पाडवा, घरी फोन झाला. संध्याकाळी साहुजींच्या भाड्याच्या घरी म्हपूजेला बोलावलं होतं. म्ह म्हणजे अंग, स्वतःचा देह. जमिनीवर ओळीने मंडलं काढलेली, घरातल्या प्रत्येकाचं एक, शिवाय यमदूतांची. त्या ओळीत अजिंनी माझंही एक काढायला लावलं होतं. प्रत्येकाच्या मंडलावर लांब वात पेटवली, मग सगं, म्हणजे शुभाचा प्रसाद : अंडं, मासा, आयला (घरगुती दारू).

जेवताना अजिंनी विचारलं, नव्या घरात चूल कुठे? मी म्हटलं, अजि, सगळ्यात वर, रेस्टॉरंटची. त्यांनी मान हलवली. "वरच असते."

परत येताना ठरवलं की रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर बैगःतच राहणार. भाडेकरूने सामान चढवण्याचा त्रास सांगून ते तळाला मागितलं होतं. धुराडं चार मजले वर नेण्यापेक्षा सामानाची छोटी लिफ्ट वर नेणं सोपं आहे, आणि आगीच्या दृष्टीनेही चूल सगळ्यांच्या डोक्यावर असलेली बरी.

२६ फेब्रुवारी २०२४

दाची अपाचा नमुना. या विटेबद्दल सविस्तर लिहायला हवं.

दाची अपा हातात घेतली की पहिल्यांदा ती चुकीची वाटते. समोरचं तोंड मोठं, मागची बाजू लहान, म्हणजे पाचरीसारखी निमुळती. तोंडावर बारीक लाल मातीचा लेप, घोटून गुळगुळीत केलेला, भाजल्यावर त्याला तेलकट चकाकी येते. दोन विटा शेजारी ठेवल्या की समोर कडेला कड भिडते, केसभरही फट दिसत नाही, आणि मागे पाचरीइतकी जागा उरते. गारा त्या जागेत बसतो. पाऊस भिंतीवरून घरंगळतो, मातीच्या गाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. सिमेंट नसलेल्या काळात मातीची भिंत शतकभर कोरडी ठेवण्याचा उपाय विटेच्या आकारातच घालून ठेवला आहे. आणि या आकाराची अर्धा इंच जाडीची टाइल कापली की नेमका तोच भाग फेकला जातो.

आम्ही आतली भिंत साध्या विटेची, खांबांच्या चौकटीत भरलेली, आणि तिच्याबाहेर दाची अपाचा पूर्ण जाडीचा पदर लावतो आहोत. दर पाचव्या थराला स्टेनलेस स्टीलची तार आतल्या भिंतीतून बाहेर येऊन पाचरीच्या जागेत वाकते. प्रत्येक मजल्यावर स्लॅबचा ओठ तीन इंच बाहेर आहे, त्या मजल्याच्या पदराचं वजन त्यावर. चार मजल्यांचं वजन तळाच्या विटेवर येत नाही.

पहिला नमुना फसला. डकर्मी दाइंनी, म्हणजे गवंडीदादांनी, सवयीने मागच्या फटीत सिमेंटचा माल भरला. तीन आठवड्यांत लाल तोंडावर पांढरे क्षार फुटले. चूक माझी, मी तोंडी सांगितलं होतं, रेखाचित्रात लिहिलं नव्हतं. दुसरा नमुना चुना आणि सुरखीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा. आज पाहिला, स्वच्छ आहे. वेळ दुप्पट लागतो. डकर्मी दाइ म्हणतात, त्यांच्या वडिलांना चुना मळताना पाहिलं होतं, स्वतः पहिल्यांदाच मळतो आहे.

२१ मे २०२४

टुंडालावरून मोठा वाद.

टुंडाल म्हणजे भिंतीतून तिरका बाहेर येऊन छपराची पुढे आलेली कड पेलणारा लाकडी टेकू. देवळांत त्यावर देवता कोरलेल्या असतात, घरांत बहुतेक साधे किंवा वेलबुट्टीचे. साहुजींच्या धाकट्या भावांना देवळासारखे कोरीव टुंडाल हवे होते, आणि काँक्रीटचा उतरता स्लॅब टाकून त्याखाली ते स्क्रूने लावायचे होते. ठेकेदारही त्याच बाजूचा. काँक्रीट लवकर होतं, पाणी गळत नाही.

सुतारांचे नाइके, म्हणजे म्होरके, जवळच्या बुंगमती गावचे. ते बैठकीत काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बहिनी, भार नसलेलं लाकूड मी लावतो, पैसे मिळतात. पण पाच वर्षांनी ते वाकडं होतं. त्याला धरून ठेवणारं काही नसतं."

हे मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मांडलं. काँक्रीट तिसऱ्या स्लॅबवर थांबवायचं, वरचं बैगः पूर्ण लाकडाचं. टुंडाल खरंच भार घेणार : छपराची कड साडेतीन फूट बाहेर, प्रत्येक टुंडालाचा पाय स्लॅबच्या कडेवर बसवलेल्या लाकडी पट्टीत खाचून, डोकं वाशाखालच्या आडव्या लाकडाला चुकुलने अडकवलेलं. खाचेच्या मागे दिसणार नाही असा स्टीलचा एक बोल्ट, कारण नियमावली त्याशिवाय मान्य करणार नाही आणि मलाही तो हवा आहे.

जुन्या छपरात झिंगटीखाली, म्हणजे छोट्या कौलांखाली, चिकणमातीचा जाड थर असतो. चार इंच मातीचं वजन चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जातं, आणि ते नेमकं घराच्या डोक्यावर, जिथे भूकंपात सगळ्यात वाईट. त्यात गवत आणि झाडं रुजतात ते वेगळंच. माती काढली. फळ्या, त्यावर जलरोधक पापुद्रा, त्यावर पट्ट्या, पट्ट्यांवर झिंगटी, प्रत्येकीला मागे एक भोक पाडून तारेने बांधलेली. नाइकेंना मातीशिवाय झिंगटी बघून चैन पडत नव्हतं. दोन रांगा लावून त्यावर स्वतः चालून पाहिलं, मग हो म्हणाले.

देवता कोरायच्या नाहीत हे मात्र अजिंनी ठरवलं. घरावर देव नकोत, भाडेकरू कोण येईल माहीत नाही. वेल कोरला आहे.

११ जुलै २०२४

किरकोळ पण डोकं खाणारी कामं. एसीची बाहेरची यंत्रं सगळी चोकाच्या बाजूला, लाकडी फटींच्या मागे. शेजाऱ्यांनी आवाजाची अट घातली, लेखी दिलं. पाण्याच्या काळ्या टाक्या छपरावर नाहीत, तळघरात टाकी आणि पंप. दुकानांच्या पाट्या दलानाच्या तुळईखाली, एकाच उंचीच्या, पाठीमागून प्रकाश नाही. भाडेकराराला ही अट जोडली. आगीचा जिना स्टीलचा, मागच्या बाजूला, गर्द राखाडी, कुठेही लाकडासारखा रंगवलेला नाही.

२९ सप्टेंबर २०२४

शुक्रवार-शनिवार असा पाऊस मी या खोऱ्यात पाहिला नव्हता. नख्खु खोला या छोट्या नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, बागमती काठ सोडून वाहते आहे, माणसं गेली आहेत. दोन सुतारांची घरं नदीकाठची. घरची माणसं सुखरूप, सामान गेलं. आज त्यांना आगाऊ मजुरी दिली, साहुजींनी वर स्वतःकडून घातली.

इमारत बघायला संध्याकाळी गेले. साडेतीन फुटांच्या कडेने समोरची भिंत वरून दोन मजले अक्षरशः कोरडी ठेवली. खाली जिथे पाणी लागलं तिथे दाची अपावरून ते निथळून गेलं, आतल्या भिंतीला ओल नाही. चोकातली मोरी तुंबली होती, शेजारच्या मुलांनी बांबूने मोकळी केली.

गळलं ते एकाच ठिकाणी, लिफ्टच्या डोक्यापाशी. ते काँक्रीट लाकडी छपराला भेदून चार इंच वर आलं आहे आणि सांध्यावर शिशाचा पत्रा कमी पडला. जुनं आणि नवं एकमेकांना भेटतं ती ही एकच जागा मी घाईत काढली होती. पत्रा काढून नव्याने, एक फूट वरपर्यंत.

दलानात मात्र त्या दोन दिवसांत माणसं उभी होती. चौकीदार म्हणाला, शनिवारी सकाळी पंधरा-वीस जण, भाजीवाली टोपल्यांसकट. आडवी उभी राहून, एकमेकांना खेटून. चार फूट. साहुजींना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण मोजपट्टी मागून घेतली आणि काचेपासून खांबापर्यंतचं अंतर स्वतः मोजलं.

२२ ऑक्टोबर २०२४

दसैंची, म्हणजे इथल्या दसऱ्याची, सुट्टी संपून सुतार परत आले. आज जुनी सँझ्या चढवली.

ती चोट्याची खिडकी, म्हणून दुसऱ्या मजल्यावर, मधोमध. जुन्या घरात माणसं जमिनीवर बसत, त्यामुळे तिचा उंबरा फुटभरच उंच. ऑफिसच्या खुर्चीतून ती गुडघ्याशी येते आणि झडप वर उचलली की मूल सहज बाहेर पडेल. दोन महिने यावर घासाघीस झाली. आता आतल्या बाजूला दीड फुटाचा लाकडी ओटा केला आहे, त्यावर गादी, आणि झडपेच्या आत पितळी आडवी दांडी. खिडकी बाहेरच्या बाजूला झुकलेली असल्याने बसणाऱ्याला मान न काढता सबंध रस्ता दिसतो.

दहा माणसं, दोन कप्प्या, चार तास. नाइकेंनी जुन्या चौकटीवरचा काळा थर खरवडू दिला नाही, फक्त तेल चोळलं. मधला भाग बसला तेव्हा अजिंना खुर्चीवरून उचलून वर आणलं. त्या ओट्यावर बसल्या, उजव्या झडपेची कड अंगठ्याने चाचपली आणि नाइकेंना नेवारीत काहीतरी म्हणाल्या. नाइके हसले. मला सांगितलं, इथे खाच आहे, साहुजींनी लहानपणी चाकूने केलेली.

डाव्या भागातल्या तिकिझ्याच्या दोन पट्ट्या कमी आहेत. ही जाळी खिळ्याविना, डिंकाविना एकमेकींत अडकवलेली असते, त्यामुळे दोन पट्ट्या घालायच्या तर आजूबाजूच्या अकरा सोडवाव्या लागतात. नाइके त्या बुंगमतीला नेऊन तिहारनंतर, म्हणजे दिवाळीनंतर, आणतील. तोवर त्या जागी फळी मारली आहे.

दलानाचं : साहुजींनी आज दोन्ही कोपऱ्यांतल्या दुकानांची काच आणखी दोन फूट आत घ्यायला सांगितलं आहे. मधलं दुकान आधीच भाड्याने गेलंय, तिथे चारच राहतील. नवीन रेखाचित्र शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे.